खडशीचा साचा

सावळीराम भोई आले तेव्हा शटर अर्धं खाली होतं.
शरणपूर रोडच्या या लॅबमध्ये मी दात करते,
वरची कवळी, खालची कवळी, कुणाची एखादी दाढ.
त्यांनी ओलं गोणपाट टेबलावर उलगडलं:
खडशी,
हात दीड हात लांब, कल्ल्यापाशी अजून सोनेरी.
"गंगावऱ्ह्याच्या फुगवट्याला तरंगत होती सकाळी.
मी नाही मारली."
आणि मग मीच बसवलेल्या दातांनी हसत म्हणाले,
"बाई, माझी कवळी केली, तशी ही करा."

बर्फ फार तर पहाटेपर्यंत पुरणार होता.

हाताशी आलं ते आधी अल्जिनेट.
गुलाबी, थंडगार, पुदिन्याच्या वासाचं,
टाळूवरची रेघन् रेघ उचलतं,
खवल्यांवरची वर्षंही उचलेल.
पण उघड्यावर तासाभरात आक्रसतं.
नऊ किलोची खडशी साडेआठची निघाली
तर सावळीरामांना दारातूनच कळेल.

लॅटेक्स म्हणजे थरावर थर,
आणि प्रत्येक थर वाळेस्तोवर बसून राहायचं.
वैशाखात मासा कुठला बसतो?

सिलिकॉन मिळतं अंबडला, एमआयडीसीत.
एका डब्याला माझ्या दोन कवळ्या जातात.
पण वाकतं, फाटत नाही,
परांच्या काट्यांतूनही अलगद सुटतं,
एका साच्यातून वीस मासे काढा, तीस काढा.
वास लागल्यासारखा त्र्यंबक रोडच्या हॉटेलवाल्याचा फोनही आला,
"एक आमच्या गल्ल्यामागे लावू."

राहिलं प्लास्टर.
स्वस्त, जड, रोजचं.
धरताना तापतं,
एकदम जाड ओतलं तर कातडी शिजवतं.

"यातून किती निघतील?" त्यांनी विचारलं.
एकच. साचा फोडूनच काढावा लागतो.
"मग हेच घ्या."
जरा थांबून खडशीच्या ओठावर बोट ठेवलं त्यांनी,
जुनी चीर होती तिथे, भरून आलेली.
"हा माझा गळ. सात वर्षं झाली. तोडून गेली होती."

तुरटीच्या पाण्यानं तिची बुळबुळ उतरवली,
तीनदा, नाहीतर साच्यात धुकं उमटतं.
ओल्या रेतीत अर्धी पुरली.
पर उभे राहीनात, तेव्हा
जुन्या एक्स-रे फिल्म कापून मागे टेकू दिले,
कुणाकुणाच्या किडलेल्या दाढांचे.
पहिला हात पातळ, दुधासारखा.
तळवा ठेवून बसले, ताप बघतात तसा,
निवला की दुसरा.
मग रेती उपसून दुसरी बाजू.
तोंडात मेण भरताना बघितलं, दात नाहीतच.
"हिचे घशात असतात,"
सावळीराम स्टुलावर पेंगत होते, डोळे न उघडता बोलले.

पुढचे चार दिवस रेझिन आणि काचेची जाळी,
वासानं डोकं धरलं.
पर मात्र दातांच्याच मटेरियलचे केले, बिनरंगी,
पलीकडचं दिसेल इतके पातळ.
मग छिन्नी. तुकड्या-तुकड्यानं साचा उडवला.
ओठाचा तुकडा ठेवून दिलाय
जबड्यांच्या फळीवर, नाव न घालता.
साच्यात चीर उंचवटा होऊन येते,
नखाला लागते.

न्यायला आले तेव्हा
त्यांनी दोन्ही हातांवर घेतली, डोळे मिटून तोलली.
"पाऊण किलो," म्हणाले.
पोटात रेती भरून देऊ का, मी विचारलं.
"नदीची आहे?"
नाही हो. समोरच्या बांधकामाची.
"मग राहू द्या."
गोणपाट घडी करून आणलं होतं, धुतलेलं,
त्यातच गुंडाळली,
डोकं बाहेर ठेवून.