गाठ

मंगळवारी आमच्याकडे कुणी समुद्रात उतरत नाही.
होड्या वाळूत ओढलेल्या,
पुरुष जाळी सांधत बसतात, नाहीतर घोरतात.
असल्याच एका मंगळवारी एबो जन्मला
आणि मंगळवारीच गेला,
येजीच्या माणसाबरोबर, ट्रकच्या मागच्या फळीवर,
हातात पानात बांधलेला केंकीचा गोळा,
तोही अर्धा बहिणीला देऊन.

मान्सानं पोर विकलं म्हणतात.
मी नाही म्हणत.
त्या माणसाला तिच्या घराची वाट
मीच दाखवली होती.
त्याचं मला सहा वार कापड मिळालं,
निळं, पिवळ्या पक्ष्यांचं.
बोचकं बांधून पेटाऱ्याच्या तळाशी ठेवलं,
तिथेच आहे.

त्या साली मासा नव्हता.
रात्री लांबवर मोठी जहाजं दिवे लावून उभी,
सकाळी आमच्या जाळ्यांत शेवाळ आणि प्लास्टिक.
मान्साच्या भट्टीत लाकूड होतं, धूर होता,
धुरावर धरायला काही नव्हतं.
नवरा आबिजानला गेला तो गेलाच.
धाकटीचं पोट टम्म, केस तांबूस होत चाललेले.
गाठीला म्हणाल तर
कमरेच्या कापडाला गाठ तेवढी होती.

माणूस म्हणाला, दोनच वर्षं. शाळेत घालतो.
मान्सानं एकच विचारलं,
आधी पोहायला शिकवाल ना?
तो हसला. मीही हसले, बरं दिसावं म्हणून.

तिथलं तळं म्हणजे बुडवलेलं रान.
धरण झालं तेव्हा झाडं न तोडताच पाणी सोडलं,
ती अजून खाली उभी आहेत, फांद्या पसरून.
जाळी त्यांत अडकतात.
मोठ्यांची बोटं जाड,
म्हणून पोरांना खाली सोडतात
अंधारात, चाचपत, गाठ सोडवायला.
तळ्याला मंगळवार नसतो.

आमच्या भिशीच्या पेटीला तीन कुलपं, तीन बायकांकडे किल्ल्या.
एक माझ्याकडे.
अकरा महिन्यांनी मोजले,
एका पोराला सोडवून आणण्यापुरते होते.
या किनाऱ्याची पोरं तिकडे चार.

काय भांडलो त्या दिवशी!
पाठवताना विचारलं होतं का आम्हाला, कुणी म्हणालं.
तुझं पोट भरलेलं होतं म्हणून तोंड चालतंय, दुसरी.
आराबा चिठ्ठ्या टाका म्हणाली,
मग स्वतःच म्हणाली, नको.
म्हाताऱ्या एसी बावानं किल्ली वाळूत फेकली,
तिचं तर कुणीच तिकडे नव्हतं.
मी गप्प. किल्ली कमरेला टोचत होती.

शेवटी सगळ्याच गेलो.
पैसे एकाचे, बायका चौदा.
मालकाच्या धक्क्यावर बसलो ते उठलोच नाही.
तिथेच चूल, तिथेच झोप,
त्याच्या होडीच्या दोरावर एसी बावा पाय सोडून.
पहिल्या दिवशी त्यानं शिव्या दिल्या,
दुसऱ्या दिवशी पोलीस आणला,
पोलिसाची आई आमच्याच किनाऱ्याची निघाली.
तिसऱ्या दिवशी पोरं आणून उभी केली.
तीन.

चौथ्याचं विचारलं
तर मालक पाण्याकडे बघायला लागला.

आराबा अजून दर शुक्रवारी भिशीचे पैसे आणते.
कुणी तिला नको म्हणत नाही,
म्हणायचं कसं, कुणाला सुचलेलं नाही.

एबो आमची भाषा विसरून आलाय.
मंगळवारी होड्यांपाशी जाऊन बसतो,
कुणी पाण्यात का जात नाही, हे त्याला कळत नाही.
झोपेत बोटं चालतात.
जागेपणीही. दिसेल ती गाठ सोडतो,
शेळीची, पोत्याची, बहिणीच्या वेणीची.
मान्सा काही बोलत नाही, परत बांधते.

काल मी पेटारा उघडून ऊन देत होते.
तो आला, न विचारता बसला,
आणि बोचक्याची ती जुनी, घट्ट गाठ
नखानं उकरून, दातानं ओढून, सोडली.
सहा वार निळं अंगणभर.
पिवळे पक्षी उन्हात.

मान्सा भट्टीपाशी उभी होती.
हात पुसत आली, काठ दोन बोटांत धरून बघितला.
छान आहे, म्हणाली.
कधी घेतलंस?