रेघेवरचा भुसा

आमची करवत सत्त्याण्णव सालची.
कुडाळची गिरण मोडली तेव्हा आपांनी ती
किलोच्या भावाने घेतली, आणि टेम्पोत
एक हात तिच्या चाकावर ठेवून
उभ्यानेच आले आचऱ्यापर्यंत.

तिला बंद करणं म्हणजे बटण दाबून वाट पाहणं.
पातं आपल्या मनाने थांबे.
शाळेत असताना मी मोजलं होतं : एक्केचाळीस.
एकदा बाविसाव्या आकड्याला
झिलूकाकाचं अर्धं बोट गेलं.
त्यानंतरही बटण तेच, आकडेही तेच.

आणि भुसा.
फणसाचा पिवळा, उंडीचा लालसर,
पेन्सिलीची रेघ झाकत येणारा.
आपा कापता कापता वाकायचे.
फू. चार बोटं फळी पुढे. फू.
जेवढी फुंक बाहेर, तेवढा भुसा आत.
मालवणच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला
आणि काही बोलायच्या आधी
स्वतःच खोकले.

मी आयटीआयची वायरमन, गावात पहिली मुलगी.
दोन वर्षं लोकांच्या माजघरांत पंखे टांगले.
पेद्रूच्या दुकानातला बर्फाचा फ्रीज मेला होता,
मागचा काळा गोळा मात्र जिवंत.
तो आणला, दोनशे रुपये आणि दोन स्टुलं देऊन.
हवेला टाकी हवी, ती भंगारातल्या ट्रकच्या ब्रेकची.
आधी पाणी भरून दाब दिला :
फुटलीच तर भिजू, मरणार नाही.
नळी फ्रीजचीच, तांब्याची, टोकाला स्टोव्हचा निपल,
पात्याच्या डाव्या कुशीतून रेघेकडे तोंड करून.
खाली आईच्या शिलाई मशीनचं पायडल,
त्याला दोरीने बांधलेला गॅसचा कॉक.
दाबलं की काँटॅक्टर टक् म्हणतो,
मोटर उठते, हवा सुटते.
पाय उचलला की जुन्या चार्जरचा डीसी
मोटरच्या कानात सांगतो, थांब.
एक. दोन. तीन.
थांबते.

पहिल्या दिवशी आपांनी पाहिलं नाही.
म्हणजे पाहिलं, पान जुळवत,
माडाकडे तोंड करून.
दुसऱ्या दिवशी वल्ह्याच्या फळीवर
तेलाचे बारीक ठिपके उठले.
"ह्या काय गो? फळयेक गोवर इलो?"
मी म्हटलं, गोळ्यातलं तेल हवेबरोबर येतं.
ते परसात गेले, सोडण ठेचून
मूठभर काथ्या पिंजून आणला,
पाइपच्या तुकड्यात ठासला.
"हेच्यातसून सोड."
ठिपके गेले.
हे मला कुठल्या ट्रेडला शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी सातला बागाबागांत पंप लागतात,
व्होल्टेज एकशे सत्तरवर येतं,
काँटॅक्टर हिवतापासारखा दात वाजवतो.
त्यालाही उपाय आहे. पैसे नाहीत.

काल दुपारी वल्हं कापत होते.
हवा रेघ झाडत पुढे पुढे चाललेली,
तरी आपा वाकले, ओठ गोल केले.
फुंकले नाहीत.
तसेच ओठ धरून रेघेमागून गेले
अर्ध्या फळीपर्यंत,
शिट्टी घालायची राहून गेलेल्या माणसासारखे.

आणि लाइट गेली.

ब्रेकला लाइट लागते
हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.
त्यांना ठाऊक होतं.
दोन्ही हात छातीशी घेऊन ते उभे राहिले,
पाय पायडलवरच,
टाकीतली उरलेली हवा
मोकळ्या रेघेवर बारीक बारीक होत गेली,
आणि पातं फिरत राहिलं जुन्या सवयीने.
मी दारात. खाडीवरून वारा.
बाविसाला झिलूकाकाने
विहिरीपाशी बादली खाली ठेवली.
कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

"एकेचाळीस," आपा म्हणाले,
आणि पाय उचलला.

माझे एकोणचाळीसच झाले होते.