खाते क्रमांक नऊ

कौन्सिलच्या सभेत अंदाजपत्रक मी वाचलं.
बँकेत एकतीस वर्षं काढली, आकडे वाचताना आवाज कापत नाही माझा.
खाते सात, फादरांच्या घराचं छप्पर.
खाते आठ, दफनभूमीची भिंत, समुद्राकडची बाजू.
गेल्या वर्षी उधाणानं तीन थडगी उघडी केली,
तेव्हापासून त्यावर कुणी वाद घालत नाही.
खाते नऊ, धर्मशिक्षण.
मानधन : शून्य.

शून्य लिहायला फार जागा लागत नाही.

सेलेस्तीनबाई तुस्कानो मागच्या बाकावर,
चष्मा पुसत होत्या. पुसून झाला तरी पुसत होत्या.

कॉन्व्हेंट बंद झालं त्याला दोन वर्षं.
सिस्टर अपोलोनिया दोन ट्रंका आणि अबोलीचं एक रोप घेऊन गेल्या,
त्यांच्या जागी कुणी आलं नाही.
"पोरी आता नन होत नाहीत, नर्स होतात," बस्त्याव म्हणाला.
त्याची स्वतःची डब्लिनला आहे,
म्हणून कुणी हसलं नाही.

मग पगारी माणूस ठेवला, महिना सहा हजार.
त्यानं प्रोजेक्टर आणला. वीज गेली
की येशू पाण्यावर अर्ध्या वाटेत थांबायचा.
तोही गेला, विरारच्या शाळेत चिकटला.
उरल्या बाई. दीड हजार, पाकिटात,
पाकिटावर माझं अक्षर.

तिसरी-चौथी एकत्र, फादर म्हणाले.
पाचवीपासून पुढे युवक बघतील, आळीपाळीनं, फुकट.
दृढीकरणाचा वर्ग शेजारच्या धर्मग्रामात, रिक्षाभाडं पालकांचं.
खोलीत लग्नाच्या खुर्च्या ठेवू,
म्हणजे हॉलचं भाडं वाढेल. खाते तीन, उत्पन्न.
सगळं योग्य होतं. मी दोनदा तपासलं होतं.

पंचाहत्तर साली त्याच खोलीत आम्ही बासष्ट पोरं,
बाई बावीस वर्षांच्या.
पाप म्हणजे काय, त्यांनी विचारलं.
मी म्हणालो, इनासकाकाच्या वाडीतली केळी.
"किती?"
"सहा."
"मग फादरांना सहाच सांग.
जास्त सांगून मोठा होऊ नकोस, कमी सांगून सुटू नकोस."
माझी सगळी जमाखर्चाची विद्या तिथली.
बँकेच्या मुलाखतीत हे सांगितलं नव्हतं.

सभा सुटल्यावर त्यांनी हजेरीची वही दिली.
अकरा नावं.
सात कोळीवाड्यातली,
चार नव्या बिल्डिंगीतली, घरी मल्याळम बोलणारी.
खाली एक बारावं, खोडलेलं, पुढे 'कॅनडा',
आणि तरी जून ते मार्च
प्रत्येक रविवारी त्या नावापुढे गैरहजेरीची फुली.
"असं कसं बाई?"
"नाही आली, म्हणून."

वहीत एक पावती. खडू, दोन पेट्या, एकशे चाळीस.
"मागच्या वर्षाचं आहे. जुन्या हिशोबात बसेल ना?"
बसेल, मी म्हणालो.
फाटकाशी त्यांनी छत्री उघडली, ऊन होतं म्हणून,
आणि तिवरांकडच्या वाटेनं गेल्या.

रविवारी नऊची मिस्सा सुटल्यावर
मी किल्ली घेऊन गेलो, खोली रिकामी करायला.
पायरीवर एक पोरगा, चपला हातात.
"नाव?"
"बेनॉय."
"कितवी?"
"तिसरी." मग जरा थांबून,
"आता चौथीपण."
बाई येणार का, हे त्यानं विचारलं नाही.
खडू आहेत का, विचारलं.

खुर्च्या अजून आल्या नव्हत्या.
कपाटात एक पेटी सापडली, न फोडलेली.
फोडली. अकरा मोजून टेबलावर ठेवले,
पेटी बंद केली.
मग पुन्हा उघडून
एक आणखी काढला.