सहा मीटरवर

गोनारिया दोराला धरून आहे,
खाली, सहा मीटरवर.
मी बोटीच्या काठाशी बसलोय, उजवा पाय पसरून,
मांडीवर प्लास्टिकची पाटी.
तिच्याच अक्षरात: प्राणवायू, सदतीस मिनिटं.
सात कसा काढते बघा, पोटात आडवी रेघ मारून,
शाळेत असल्यापासून.

ऐंशी मीटर खालच्या त्याच कपारीतून
मीही यायचो वर, पोवळ्यांची पिशवी छातीशी धरून,
आणि याच उंचीवर लटकायचो दोन दोन तास.
हवेवर.
साधी हवा, कॉम्प्रेसरने कोंबलेली, डिझेलचा वास असलेली.
दोन तास काय करतो माणूस?
बोटं मोजतो. सासूला मनातल्या मनात उत्तरं देतो.
सूटमध्ये मुततो, घटकाभर ऊब येते,
मग आधीपेक्षा जास्त गारठतो.

ती आठ वर्षांची असताना
सान मिकेलेच्या दारात उभं करून दाखवलं होतं तिला:
बघ, आठची प्रार्थना सुटतेय
आणि साडेनवाची माणसं आत घुसतायत.
कोपर लागतं, टोपी पडते,
म्हाताऱ्या उंबऱ्यातच थांबून सुनांची गाऱ्हाणी सांगतात.
बाहेर पडणारा पडतोच, पण कितीतरी वेळाने.
तसाच नायट्रोजन.
रक्तातून, चरबीतून, गुडघ्याच्या वाटीतून निघतो,
आणि हवेच्या प्रत्येक घोटात
पाचातले चार त्याचेच भाऊबंद, आत यायला निघालेले.
नुसता प्राणवायू ओढला, की दार मोकळं.

‘मग तू का नाही ओढत, काका?’
मी म्हटलं, टोपी घाल, ऊन आहे.

अँतीओकोने आणली होती बाटली,
पांढऱ्या खांद्याची, कुठल्याशा इस्पितळातून.
चाळीस मिनिटांत बोटीवर असेन म्हणाला,
तू बस मासे मोजत.
संध्याकाळी त्याच्या धाकटीचा बाप्तिस्मा होता.
तर त्याने बारा मीटरवरच नळी तोंडात घातली.
सहा मीटर.
तेवढीसुद्धा कळ काढली नाही.

नावातच प्राण. कोण संशय घेणार?
आधी ओठ थरथरला, डाव्या बाजूचा.
मग खांदा. मग सगळा माणूस
गळाला लागलेल्या माशासारखा, आणि नळी सुटलेली.
मी तीन मीटर वर होतो, हवेवर,
माझे अजून पावणेदोन तास बाकी.
त्याला कवेत घेतलं आणि सरळ वर आलो.

तो वाचला नाही.
माझे पावणेदोन तास बाकी राहिले
ते इथे आहेत, या पायात.
ओल्या वाऱ्याला त्यातली काही मिनिटं जागी होतात.

डॉक्टर विचारायचे, काय चांगलं, हवा की प्राणवायू?
परीक्षेत विचारावं तसं.
मी खिडकीबाहेर बघायचो.

पंचवीस मिनिटं झाली.
खाली तिने नळी बदलली असणार,
वर येणारे बुडबुडे क्षणभर थांबले,
मी पाटी घट्ट धरली,
मग पुन्हा आले.
आता पाच मिनिटं साधी हवा.
निव्वळ प्राणवायूचीही फुप्फुसांना आग होते म्हणे,
म्हणून मध्ये ही सुटी.
हल्लीची मुलं शिकतात हे, तक्त्यावर छापलेलं असतं.
ही पाच मिनिटं मात्र सदतिसात धरत नाहीत.

मीही मग जरा मोठा श्वास घेतो.
तीच हवा: डिझेल, मीठ,
बंदरात कुणीतरी तळत असलेली मासळी.
पाच मिनिटं ती आणि मी
एकच काहीतरी ओढतोय.

मग दोराला दोन झटके.
पुन्हा बाटली. अजून बारा मिनिटं.
मी पेन्सिल थुंकीने ओली करतो
आणि लिहून ठेवतो, बाराच्या दोनाला उगाच गिरवत.