चार सेकंद मागे

राइस मिलच्या मागची ही खोली पूर्वी बारदान्याची.
भिंतींना अजून तागाचा वास येतो
आणि सर्व्हरच्या पंख्यात रोज सकाळी
मूठभर कोंडा सापडतो.

मार्गशीर्षात काटे सुरू झाले
की सतरा गावं एकदम दार ठोठावतात.
एकेक टॅब आठ-आठ कनेक्शनं धरतो
आणि धरूनच बसतो,
चहा संपला तरी बाकावरून न उठणाऱ्या माणसासारखा.
शंभर झाली की सर्व्हर हात वर करतो.
लाल अक्षरं. बाहेर ट्रॅक्टर. पावती नाही.

सचिव कापगते म्हणाले,
"शंभराचे पाचशे करून टाका ना जी सत्यशीलाताई,
आकडाच तर हाये."

आकडाच तर आहे.
पण चार कोअरची ही पेटी
पाचशे जणांना हो म्हणाली
तर उत्तर एकालाही देणार नाही.
मी लिहिलं: वीस.
सेव्ह करताना बोट जरा थांबलं.

मध्ये पूलर बसवला.
व्यवहार झाला की कनेक्शन काढून घ्यायचं,
रांगेतल्या पुढच्याच्या हातात द्यायचं. एवढंच त्याचं काम.
आमच्या तलावाचा पाटकरी डोमाजी असाच होता.
एका बांदीचं पोट भरलं
की तिचं तोंड बुजवून पुढच्या बांदीचा धुरा फोडायचा.
कोणी भांडायला आलं
तर समजावत बसायचा नाही,
फावडं खांद्यावर घेऊन पुढे निघायचा.

उरकुडा हमालाने विचारलं, पावतीले टाइम लागन का आता?
दोन सेकंद थांबावं लागेल, पण मिळेल.
"मंग थांबतो ना. थांबाले कोन भेते?"

दुसरी पेटी लाखनीला, तालुका संघाच्या तिजोरीशेजारी.
इथे लिहिलेलं सगळं तिथे पुन्हा लिहिलं जातं,
त्याच क्रमाने,
चुकलेलं आणि खोडलेलंसुद्धा.
फक्त चार सेकंद मागून.
प्रत्येक पावतीला लाखनीचा होकार मागता आला असता.
पण रस्त्यावर जेसीबीने केबल तोडली
की सतरा काटे उभे.
म्हणून मागे राहणं मी निवडलं,
आणि कॉन्फिगच्या फाइलमध्ये वरच कारण लिहून ठेवलं,
तारखेसकट.

पौषात, दिवेलागणीला, डीपी जळाली.
यूपीएस टिटवीसारखा ओरडला
आणि गप्प झाला.
वीज आली, डिस्क उठली नाही.

मी लाखनीला सांगितलं: आता तूच मुख्य.
एक आज्ञा.
पूलरमधला एक पत्ता बदलला.
सहा मिनिटांत काटे पुन्हा बोलू लागले.
कापगतेंनी चहा मागवला, साखर जास्त.

तिसऱ्या दिवशी दोन माणसं आली,
दोघांच्या हातात पावती क्रमांक २३१७.
एक टोमदेव शेंडे. त्यांची लाखनीने दिलेली.
दुसरी पुस्तकलाबाई राऊतांची,
पदराच्या गाठीतून काढलेली, घामाने पुसट,
मेलेल्या पेटीची शेवटची.

लॉग वरून खाली पाहिला, खालून वर पाहिला.
२३१६ नंतर टोमदेव.
बाई नाहीतच.

उरकुडा मला हाताला धरून शेडमध्ये घेऊन गेला.
भिंतीवर कोळशाच्या रेघा,
पाच-पाचाच्या सहा जुड्या आणि वर दोन.
"बत्तीस कट्टे. हे बाईचेच.
पाचवा फाटला होता, म्या शिवला."

हाताने नोंद केली. २३१७-अ.
कारणाच्या रकान्यात काय लिहावं कळेना,
'भिंत' लिहिलं.

पुस्तकलाबाई स्क्रीनकडे बघत होत्या.
"मंग बाप्पा, त्या चार सेकंदात मी कुठी होती?"
काट्यावरच होता, मावशी.
"मले तं तसंच वाटे," म्हणाल्या,
आणि पावती पुन्हा गाठीत बांधली.

आज अंतर चार सेकंद. दुपारी तीन झालं होतं.
शेडच्या त्या भिंतीला यंदा चुना मारू नये
म्हणून सचिवांना अर्ज दिला आहे.
अजून मंजूर नाही.