रनआउट

उद्यमबागेत लेथवर बावीस वर्षं झाली.
फिरणाऱ्या गोष्टींतलं मला कळतं.
जॉब चकात धरायचा, डायल लावायचा,
काटा सांगतो मध्य कुठं चुकलाय ते.
दोन शतांशसुद्धा लपत नाहीत.

म्हणून गौतमी रिंकवर पहिल्यांदा गर्रकन फिरली
तेव्हा टाळ्या वाजवायचं राहूनच गेलं.
मी तिच्या डाव्या खांद्याकडे बघत होतो.
घरी येताना स्कूटरवर म्हटलं,
तुला रनआउट आहे की गं.
मागून उत्तर आलं,
बाबा, ते क्रिकेटमध्ये असतं.

वय आठ.
बूट गणेशपूरच्या एका मुलाचे, त्याला लहान झालेले,
हिला दोन बोटं मोठे. पुढं कापूस कोंबला.
आठ चाकं, सोळा बेअरिंगं,
त्यातली अकरा खरखरणारी.
रात्रभर रॉकेलच्या वाटीत बुडवून ठेवली
तर सकाळी बायको विचारते,
ही कडबोळी कुणासाठी?

बाळेकुंद्री सर शब्द मोजून खर्च करतात.
पोर पडली की एकच : मत्तोम्मे.
पुन्हा एकदा.
चांगलं झालं तरी तोच शब्द,
फक्त आवाज जरा खाली.
आमच्याकडं आता भाकरी करपली
तरी मत्तोम्मे म्हणतात.

धारवाडला अकरावी आली.
हुबळीला पडली. कोपर.
तीन आठवडे प्लास्टर, त्यावर सगळ्या वर्गाच्या सह्या,
मराठी, कानडी, एक उर्दू,
आणि गणिताच्या बाईंनी काढलेलं एक वर्तुळ,
हातानं काढलेलं, तरी बऱ्यापैकी गोल.
म्हैसूरला तिसरी.
माइकवाल्यानं देसूरकरचं देसाईकर केलं,
ती तरीही गेली, उभी राहिली.
तिसऱ्या नंबरची पायरी सगळ्यात बुटकी असते.
वेल्डिंग कच्चं होतं. मी बघून घेतलं.

रात्री फोनवर ती जपानची एक पोर बघते.
चौदा-पंधराची असेल.
नाव त्यांच्या अक्षरांत, वाचता येत नाही,
म्हणून हिनं तिला अक्का करून टाकलंय.
अक्का बर्फावर उडते, हवेत तीनदा फिरते,
उतरल्यावर हात असे सोडते
जसं परातीतलं पीठ झटकून कुणी उठावं.
पदकाचे व्हिडिओ गौतमी पुढं ढकलते.
तिला आवडतो तो जुना, हलणारा,
ज्यात अक्का सहा-सात वर्षांची आहे,
आपटते, उठते,
आणि जिकडं कुणीच बसलेलं नाही
त्या बाजूला वाकून नमस्कार करते.

बर्फ पायाखाली कसा लागतो, बाबा?

आता बेळगावात बर्फ म्हणजे मासळी बाजार.
शनिवारी सुट्टी झाल्यावर कारखान्यातून एक लादी घेतली,
पोत्यात भुसा, भुशात लादी,
स्कूटरच्या पायापाशी.
तिसऱ्या रेल्वे गेटवर फाटक पडलेलं.
मालगाडी जाता जाईना,
माझी पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली,
शेजारचा रिक्षावाला म्हणाला, लग्न काय?
मी हो म्हटलं. काय सांगणार.

गच्चीवर ठेवली. एप्रिलचं ऊन.
ती अनवाणी चढली,
एक पाय मागं उचलला,
हात पसरले, डोळे मिटले.
खाली मुचंडी मावशींच्या पापडांवर पाणी ठिबकायला लागलं,
त्यांनी दोन्ही भाषांत आमचा उद्धार केला.
ती हलली नाही.
म्हणजे हलत होती,
थंडीनं सगळीच थरथरत होती,
तळवा बिटासारखा लाल.
मी मनातल्या मनात खांद्याला डायल लावला.
काटा इकडं तिकडं पळत होता.
या वेळी काही बोललो नाही.

लादी ताटाएवढी झाली, मग वाटीएवढी,
तेव्हा उतरली.
बराच वेळ पाय हातात धरून बसली,
दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.

मत्तोम्मे, म्हणाली.
उद्या रविवार, कारखाना बंद.
मग परवा.
परवा मला सेकंड शिफ्ट आहे, म्हटलं.
ती म्हणाली, सकाळी आणा की मग.