तो चोणक, ती चोणक

सकाळी सातला आबेलीनचा फोन:
बाय, तुझा पिवळा दोरा असलेलं नुस्तं सापडलं,
आमच्या मानशीत.
मी विचारते, जिवंत?
ती गप्प. मागे कोंबडा, मग पोदेराचा भोंगा.
डोकं ठेवलंय तुझ्यासाठी, म्हणते. बर्फात.

दिवाडीच्या फेरीबोटीत उभ्याउभ्या
मी वहीची जुनी पानं काढते.
टॅग ०४१७. कुंभारजुव्याचा कालवा, ऑक्टोबर, ओहोटी.
लांबी बेचाळीस सेंटिमीटर, वजन नऊशे ग्रॅम.
लिंग: नर.
माझंच अक्षर, सात वर्षांपूर्वीचं,
जरा जास्तच गोल.

चोणक गोड्या-खाऱ्याच्या सीमेवर वाढतो.
चार-पाच वर्षं तो असतो,
मग एखाद्या पावसाळ्यात नदीच्या मुखाशी उतरतो
आणि कुणाला न सांगता ती होतो.
(मराठीत हे वाक्य नीट बसत नाही.
खात्याच्या फॉर्मात तर त्याला रकानाच नाही.)
म्हणजे मोठ्या माशांत बहुतेक आयाच.
म्हणून दरवर्षी मी फायलीत लिहिते:
ऐंशी सेंटिमीटरच्या वरचं सोडून द्यावं.
आणि दरवर्षी फाईल परत येते,
"तपासून सादर करावे",
कोणी तपासायचं ते न लिहिता.

इनास मानशीच्या फळ्यांना डांबर लावतोय.
"नऊ किलो सातशे", माझ्याकडे न बघता म्हणतो.
"हॉटेलवाला पहाटेच आला. आठशे रुपये किलो.
मानशीचा लिलाव यंदा दोन लाखांवर गेला, बाय.
तू सांग."
मी सांगत नाही.
माझ्या पिशवीत चिमटा, कात्री, स्पिरिटची बाटली,
आणि टॅग परत देणाऱ्याला दोनशे रुपये बक्षीस,
पाकिटात, पावतीसकट.
तो सही करतो. पावतीवर डांबराचा अंगठा उमटतो,
न मागितलेला.

अंडी होती?
होती तर. आबेलीन दोन्ही हात लांब करून दाखवते,
मग हात पदराला पुसते.
मुलांनी तळून खाल्ली.
मे संपत आलेला. ती खाली उतरायला निघाली असणार,
आणि वाटेत आमचं दार.

विहिरीजवळच्या धोंड्यावर मी कवटी उघडते.
तळाशी, जिथे माशाला आपला तोल कळतो,
तिथे दोन पांढरे खडे,
पावट्याच्या दाण्याएवढे.
मी ते पुसून डबीत घालते,
आणि डोकं पिशवीत भरणार
तेवढ्यात आबेलीन ते हातातून ओढून घेते:
तुझं काम झालं ना? मग आता माझं.
कैरी घालून हुमण होतं.
मी दोनदा भात घेते.
डोळ्याखालचं मऊ मांस इनास माझ्या ताटात सरकवतो
आणि लगेच दुसरीकडे बघतो.

रात्री प्रयोगशाळेत खडा कापते, घासते,
काचेखाली धरते.
प्रत्येक पावसाळ्याची एक रेघ. नऊ रेघा.
दुसरीच्या पुढची जागा अरुंद,
बाकीच्यांच्या जेमतेम निम्मी.
त्याच वर्षी मी त्याला जाळ्यातून उचलून
पाठीत सुई घातली होती.
असेल दुसरंही काही. खाण्याचा तुटवडा, नदीतला गाळ.
एका माशावरून काही ठरवायचं नसतं,
हे मीच पोरांना शिकवते, दर जुलैत,
फळ्यावर दोनदा रेघ मारून.

वहीत "नर" खोडवत नाही.
पुढे बाण काढते, लिहिते "मादी".
बदलाची तारीख: माहीत नाही.
ठिकाण: माहीत नाही.
शेवटचा रकाना शेऱ्याचा.
पेन टेकवून बसते बराच वेळ,
शाईचा ठिपका पसरत जातो,
बोटांना अजून कैरीचा वास.